हार्मोनच्या तपासण्या: रक्त कोणत्या दिवशी आणि किती वाजता द्यायचं

लॅबच्या रिपोर्टवर एफएसएच, एलएच (ओव्हरीचं काम चालवणारी हार्मोन), प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) यांचे आकडे येतात आणि शेजारी नॉर्मल रेंज छापलेली असते. पण रक्त पाळीच्या कितव्या दिवशी घेतलं हेच माहीत नसेल, तर त्यातल्या बऱ्याचशा आकड्यांवरून काही ठरवता येत नाही. म्हणून लॅबच्या फॉर्मवर पाळीची तारीख आणि रक्त दिल्याची वेळ लिहून घ्या. लॅबवाल्याने विचारलं नाही तरी आपणहून सांगा.

दिवसाला इतकं महत्त्व का, ते आधी पाहू. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने थोडं थोडं हार्मोन सोडतो. त्यावरून पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच रक्तात पाठवते. एफएसएचमुळे ओव्हरीत फॉलिकल वाढतं आणि ते इस्ट्राडिऑल हे स्त्री-हार्मोन तयार करू लागतं. इस्ट्राडिऑल वाढलं की पिट्युटरी एफएसएच कमी करते. पुढे इस्ट्राडिऑल साधारण दोन दिवस चढं राहिलं की मात्र उलट घडतं: एलएच एकदम उसळतं आणि ही उसळी सुरू झाल्यापासून सुमारे ३४ ते ३६ तासांनी अंडं फुटतं. रिकाम्या फॉलिकलमधून मग प्रोजेस्टेरॉन येतं. ते साधारण १४ दिवस टिकतं, उतरलं की पाळी येते. म्हणजे एकाच बाईचं एलएच दुसऱ्या दिवशी ५ आणि तेराव्या दिवशी ४० असू शकतं, आणि दोन्ही नॉर्मल.

एफएसएच, एलएच आणि इस्ट्राडिऑल पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, एकाच वेळी द्या. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो. आधीचे तपकिरी डाग धरायचे नाहीत. पैसे वाचवायला पुष्कळ जण फक्त एफएसएच करून घेतात, आणि तिथेच गफलत होते. समजा एफएसएच ७ आलं. आकडा छान दिसतो. पण त्याच रक्तात इस्ट्राडिऑल ११० पिकोग्रॅम असेल, तर त्यानेच एफएसएच खाली दाबलेलं असतं आणि खरा एफएसएच कळतच नाही. या दिवसांत इस्ट्राडिऑल साधारण ८०च्या आत हवं.

पाळी दोन-तीन महिन्यांनी येत असेल, पीसीओडी असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहत बसू नका. आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा. ती निगेटिव्ह आली की पाळी आणण्याच्या गोळ्या द्यायच्या की कोणत्याही दिवशी रक्त घ्यायचं, हे डॉक्टर ठरवतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एफएसएच-एलएच करण्यात अर्थ नाही, कारण त्या गोळ्या पिट्युटरीलाच शांत करतात. एएमएच (ओव्हरीत अंडी किती उरली याचा अंदाज देणारं हार्मोन) महिन्यातल्या कोणत्याही दिवशी चालतं, पण याच गोळ्यांमुळे तेही कमी दिसू शकतं.

सगळ्यात जास्त चुकते ती प्रोजेस्टेरॉनची तपासणी. चिठ्ठीवर सरसकट ‘एकविसावा दिवस’ लिहिलेला असतो. तो फक्त २८ दिवसांच्या पाळीला लागू होतो. नियम असा: पुढच्या पाळीच्या ७ दिवस आधी. पाळी ३५ दिवसांची असेल तर अठ्ठाविसावा दिवस, २४ दिवसांची असेल तर सतरावा. ३५ दिवसांच्या पाळीत अंडं फुटतंच मुळी एकविसाव्या दिवसाच्या आसपास. त्या दिवशी रक्त दिलं तर प्रोजेस्टेरॉन कमीच येणार, आणि ‘तुमचं अंडं फुटत नाही’ असं ऐकून घरात उगाच काळजीचं वातावरण. रक्त दिल्यावर पुढची पाळी किती दिवसांनी आली तेही लिहून ठेवा. ६ ते ८ दिवसांनी आली तर तपासणी वेळेवर झाली. आकडा ३ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर अंडं फुटलेलं आहे.

पुण्यात भाद्रपदात आणखी एक गोष्ट मध्ये येते. गौरी-गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या अनेक जणी घेतात. बहुतेकदा नॉरइथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. त्या महिन्यात पाळी लांबते ती गोळीमुळे, अंडं उशिरा फुटल्यामुळे नाही. पाळी किती दिवसांनी येते याची सरासरी काढताना तो महिना वगळा आणि प्रोजेस्टेरॉन पुढच्या चक्रात करा.

प्रोलॅक्टिनला दिवसाचं बंधन नाही, वेळेचं आहे. झोपेत ते चढतं, म्हणून उठल्यावर दोन-तीन तासांनी, उपाशीपोटी रक्त द्या. तळजाई किंवा पर्वती चढून तसंच लॅबमध्ये जाऊ नका. व्यायाम, ताण आणि स्तनांना झालेला स्पर्श, या सगळ्यांनी ते वाढतं. पोचल्यावर १५-२० मिनिटं शांत बसा. आणि पित्ताच्या कॅप्सूलचं पाकीट एकदा उलटून वाचा. पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलसोबत डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असेल, तर ते प्रोलॅक्टिन चांगलंच वाढवतं, कधी पाळी थांबण्याइतकं. असं असताना मेंदूच्या एमआरआयकडे धावण्याआधी, डॉक्टरांना विचारून ती कॅप्सूल तीन दिवस बंद ठेवून तपासणी पुन्हा करणं शहाणपणाचं. मानसिक आजारावरची काही औषधंही हेच करतात, पण ती स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नका. प्रोलॅक्टिनबरोबर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन) कराच, कारण थायरॉइड मंदावला की प्रोलॅक्टिनही वर जातं.

टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतं, दुपारी उतरतं. दर वेळी सकाळी साधारण त्याच सुमारास आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये द्या. थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवडे थांबा, त्याआधीचा आकडा अर्धवट असतो. फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) बघायचं असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. एरवी गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पहिला चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या यांच्यात चार तासांचं अंतर हवंच, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही आणि डोस विनाकारण वाढत जातो. केसगळतीच्या गोळ्यांत बायोटिन असतं, बरेचदा ५ ते १० मिलिग्रॅम. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं. अशी गोळी तपासणीच्या तीन दिवस आधी थांबवा.

मूल होत नसेल तर नवऱ्याची तपासणी शेवटी नाही, सुरुवातीलाच. आम्ही याबाबत आग्रही आहोत: बायकोच्या दहा तपासण्या होऊन गेल्यावर वीर्यतपासणी करणं हा अन्याय आहे. त्याआधी २ ते ७ दिवस संबंध आणि हस्तमैथुन नको. साबण, तेल, थुंकी वापरायची नाही, साधा निरोधही नाही. पहिले थेंब सांडले तर लपवू नका, शुक्रजंतू त्यातच जास्त असतात. नमुना लॅबच्याच खोलीत दिलेला उत्तम. घरून न्यायचा झाला तर तासाभरात पोचायला हवा, आणि वाघोलीहून किंवा सिंहगड रोडवरून ऑफिसच्या वेळेत ते अवघड आहे. डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, गाडीच्या तापलेल्या डिकीत नको आणि बर्फातही नको. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात, म्हणून नुकताच डेंग्यू किंवा मोठा ताप येऊन गेला असेल तर खराब रिपोर्टवर निकाल लावू नका, तीन महिन्यांनी पुन्हा करा. टेस्टोस्टेरॉन सकाळी ७ ते १० दरम्यान, उपाशीपोटी. कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं: बाहेरून हार्मोन आलं की पिट्युटरी एलएच-एफएसएच बंद करते आणि शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात. इंजेक्शनं थांबवल्यावर ते बहुतेकांचे परत येतात, पण त्याला कित्येक महिने लागतात.