१०० मीटरसाठी नुसत्या बैठका पुरत नाहीत
पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं बैठकांवर खूप घाम गाळतात, तरी १०० मीटरची वेळ हलत नाही. पूर्ण वेगात पाऊल जमिनीवर जेमतेम ०.१ सेकंद टेकतं. स्नायूला पूर्ण जोर लावायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून जोर झटक्यात लावायची सवय हवी, आणि ती अंग ताजं असतानाच लागते. वॉर्मअपनंतर आधी ए-स्किप (गुडघे उंच उचलत, लयीत छोट्या उड्या घेत पुढे जाणं), मग २०-३० मीटरचे ४-५ स्प्रिंट, दरवेळी २-३ मिनिटं पूर्ण विश्रांती. दमलेल्या पायांनी पळाल तर चुकीची लय पक्की होते. बैठका शेवटी. पाऊल शरीराच्या फार पुढे टाकू नका. वेगाला ब्रेक लागतो आणि हॅमस्ट्रिंगवर (मांडीच्या मागच्या स्नायूंवर) नको तो ताण येतो.