वेगळी ओंबी दिसली म्हणून नवा वाण होत नाही: गहू निवडताना या चुका टाळा

सोलापूर जिल्हा ज्वारीचा. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेली एम ३५-१ आजही रब्बीत पेरली जाते, त्यामुळे चांगलं कणीस हेरून बी राखायची रीत इथे कुणाला शिकवावी लागत नाही. उजनीच्या पाण्यावर गहू घेणाऱ्यांची तीच नजर आता गव्हाच्या रानातही फिरते. लांब ओंबीचं किंवा आठवडाभर आधी निसवलेलं, म्हणजे ओंबी बाहेर टाकलेलं झाड वेगळं काढून ठेवलेले शेतकरी माढा-पंढरपूर भागात भेटतात. ही धडपड मोलाची आहे, म्हणून ती कुठे वाया जाते ते नीट सांगायला हवं.

बांधाकडचं झाड निवडणं

बांधालगतच्या आणि दांडाच्या कडेच्या झाडाला ऊन, पाणी, खत जास्त मिळतं. त्याला फुटवे जास्त येतात, ओंबी भरते, आणि पुढच्या वर्षी त्याचंच बी चारचौघांसारखं उगवतं. झाड निवडायचं ते वाफ्याच्या मधलं, चारी बाजूंनी शेजारी असलेलं.

आणि वेगळं झाड दिसलं की आधी भेसळीचा संशय घ्या. लोक-१ या वाणाच्या रानात त्र्यंबक या दुसऱ्या वाणाचं झाड उठून दिसणारच. मळणी यंत्रात आधीच्या रानाचा पसाभर गहू अडकलेला असतो, तो पुढच्या पोत्यात उतरतो. तुम्हाला सापडलेला ‘नवा’ गहू दुसऱ्या कुणाचा जुनाच वाण असू शकतो.

सगळ्या चांगल्या ओंब्या एकत्र मळणं

सर्वांत जास्त मेहनत इथे मातीत जाते. दहा ओंब्या आवडल्या तर दहा पाकिटं करा, दहा आकडे टाका आणि पुढच्या हंगामात एक ओंबी एक ओळ अशी पेरा. ओळीतली सगळी झाडं एकसारखी आली तर मूळ झाड शुद्ध होतं. ओळ फुटली, म्हणजे काही झाडं उंच, काही बुटकी, काहींची कुसळं लांब, काहींची आखूड अशी आली, तर ते झाड संकरातून, म्हणजे दोन वाणांच्या मिलनातून आलेलं आहे आणि स्थिर व्हायला अजून वर्षं लागतील. ओंब्या एकत्र मळल्या की यातलं काहीच कळत नाही.

किती वर्षं, याचा हिशेब सोपा आहे. गहू स्वपरागी पीक आहे, म्हणजे फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे संकरातला मिश्रपणा दर पिढीला निम्मा होतो. संकराचं पहिलं झाड ही पहिली पिढी धरली तर दुसऱ्या पिढीत तो ५० टक्के असतो, सहाव्या पिढीत ३ टक्क्यांच्या आसपास येतो. शास्त्रज्ञ उन्हाळ्यात निलगिरीतल्या वेलिंग्टनला किंवा लाहौलमधल्या दालंग मैदानला जादा पिढी घेऊन काळ वाचवतात. आपल्याकडे वर्षाला एकच पीक, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतच ‘वाण तयार झाला’ म्हणून बी वाटू नका. घेणाऱ्याच्या रानात तो फुटतो आणि नाव तुमचं खराब होतं.

संकर करताना

ज्यांना स्वतः संकर करायचा आहे, त्यांनी वेळ सांभाळावी. ओंबी पोटरीतून (वरच्या पानाच्या फुगीर आवरणातून) नुकती बाहेर पडलेली असते, आतले परागकोष (परागाच्या पिशव्या) अजून हिरवे असतात, तेव्हाच ते काढायचे. ओंबीच्या बुडाची आणि शेंड्याची कणिशकं (फुलांचे छोटे झुबके) कापून टाका, मधल्या प्रत्येक कणिशकातली कडेची दोन फुलं ठेवा. प्रत्येक फुलात तीन परागकोष असतात. चिमट्याने तिन्ही निघाले का ते मोजा. एक राहिला तरी फूल स्वतःच्याच परागाने फळतं आणि तुम्ही वर्षभर मादी वाणालाच संकर समजून जपता. परागकोष पिवळा पडला असेल तर उशीर झाला, ती ओंबी सोडून द्या. मग बटर पेपरची पिशवी चढवायची आणि दोन-तीन दिवसांनी मादीचे तुरे पिसासारखे फुलले की नर वाणाच्या पिवळ्या परागकोषांचा पराग घालायचा.

संकराचा दाणा मादीसारखाच दिसला म्हणून तो फेकू नका. गव्हाच्या दाण्याचा लालसर किंवा पांढरा रंग टरफलात असतो आणि टरफल आईचं असतं. रंगातला फरक एक पिढी उशिरा दिसतो.

खपली गव्हाचा भाव बघून ती लोक-१ शी जोडायचा मोह होतो. खपली आणि बन्सी या गव्हांची गुणसूत्रं २८, लोक-१ ज्यात मोडतो त्या सरबती गव्हाची ४२. अशा संकराचे दाणे सुरकुततात, उगवलेली झाडं बरीचशी वांझ निघतात. खपली आणि बन्सी यांचा मेळ त्यामानाने सहज बसतो.

उंचीवर आणि तारखेवर भिस्त ठेवणं

‘माझा गहू वीतभर बुटका आणि लवकर येणारा आहे.’ बहुतेक दावे इथून सुरू होतात. पण एक पाणी चुकलं तरी गहू बुटका राहतो. डिसेंबरात पेरलेला गहू फेब्रुवारी-मार्चच्या उन्हाने घाईत पिकतो. त्यात वाणाचा गुण काहीच नसतो. म्हणून सर्वांत जवळचा वाटणारा जुना वाण शेजारच्याच ओळीत, त्याच दिवशी, तेवढ्याच पाण्यावर पेरा. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी झाली तर तुलना खरी होते. शेजारी तुलनेचा वाण नसेल तर तुमची वही कुणी मानणार नाही.

वहीत काय लिहायचं? हवामानाने सहसा न बदलणाऱ्या खुणा. ध्वजपर्णाच्या, म्हणजे ओंबीखालच्या शेवटच्या पानाच्या बुडाशी खोडाला मिठी मारणारे दोन बारीक कान असतात, ते जांभळे आहेत की फिके, त्यांवर केस आहेत का. ओंबीचा आकार निमुळता, सरळ की गदेसारखा. कुसळांचा रंग. ओंबीच्या मधल्या भागातलं बाहेरचं तूस काढून हातात घ्या. त्यावर लव आहे का, खांदा अरुंद की रुंद, चोच आखूड की लांब, हे भिंगाखाली बघा. दिसायला जुळे वाटणारे दोन वाण कधी कधी या चोचीवरून वेगळे ओळखता येतात. ओंबीवरचा राखट मेणाचा थर बोटाने पुसला जातो, तो हात न लागलेल्या झाडावरच नोंदवा.

दाण्याची फिनॉल चाचणीही उपयोगाची. भिजवलेले दाणे १ टक्का फिनॉलच्या द्रावणात ठेवले की काही वाणांचे दाणे काळे पडतात, काहींचे जेमतेम तपकिरी होतात. फिनॉल कातडी जाळतं, तेव्हा ही चाचणी प्रयोगशाळेतच करून घ्या.

चपाती मऊ होते, उतारा जास्त आहे, हे गुण मोठेच. पण वाण वेगळा ठरवताना आधी वरच्या खुणा बघितल्या जातात.

परदेशी बी मागवणं

जगात गव्हाचे दोन स्वभाव आहेत. हिवाळी गव्हाला ओंबी धरायला अनेक आठवडे कडक थंडी लागते, वसंती गव्हाला लागत नाही. आपण रब्बीत पेरतो तरी आपला सगळा गहू स्वभावाने वसंतीच. हिवाळी वाण सोलापुरात गवतासारखा पसरतो, निसवत नाही. शिवाय परवान्याशिवाय बी आणणं बेकायदा आहे, त्यातून रोगही येतात.

नोंदणीच्या वाटेवर

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ मधला. त्यात वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थिरता या तिन्ही कसोट्या लागतात. एकसारखेपणा किती कडक, तर युपोव्ह या वाण संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे २००० झाडांत वेगळी झाडं ५ पेक्षा जास्त चालत नाहीत. तेव्हा भेसळ निसवतानाच उपटा आणि मळणी यंत्र रिकामं चालवून, झाडून मगच आपला गहू घाला.

‘नवा वाण’ म्हणून अर्ज करायचा असेल तर त्याची भारतात विक्री अर्जाच्या एक वर्षापेक्षा आधी झालेली नसावी. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या शेतकरी वाणाला नवेपणाची ही अट नाही आणि शेतकऱ्याला शुल्कही माफ आहे. नावात गावाचं किंवा जिल्ह्याचं नाव गुंफायची हौस असते. भौगोलिक नाव नाकारलं जाऊ शकतं, निबंधकांना, म्हणजे नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचा वापर प्रामाणिक वाटला तरच ते मिळतं, म्हणून दुसरं नाव तयार ठेवा. मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाताना नुसतं बी नेऊ नका. निदान दोन हंगामांची वही आणि तुमच्या व तुलनेच्या, दोन्ही वाणांच्या अख्ख्या ओंब्या कागदी पाकिटात, तारीख टाकून न्या.