हळदीचा पाला पेटवू नका, बेण्यावर घाला

वसमत, हिंगोली, अर्धापूर पट्ट्यात आता हळदीचा पाला कापायची घाई आहे. कापलेला पाला बांधावर लोटायचा आणि काडी लावायची, ही रीत यंदा तरी मोडा. तो सुकवून बेण्याच्या, म्हणजे पुढच्या लागवडीसाठी राखलेल्या गड्ड्यांच्या, ढिगावर पसरा.

एक हिरवं पान मुठीत चुरगाळून बघा. नाकात भिनणारा तो वास बाष्पनशील तेलाचा. पानातल्या तेलात फेलँड्रिन, सिनिओल असतात, तर गड्ड्यातल्या तेलात टर्मेरोन. (पिवळेपणा कुरकुमिनचा, तो वेगळा. रंग गडद म्हणजे तेल जास्त असं नाही.) प्रयोगशाळेत या पानांच्या तेलाने अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस बुरशीची वाढ रोखलेली आहे. भुईमुगात, मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी ती हीच.

म्हणून पाल्याने झाकलं की बेणेप्रक्रियेची (बेण्याला बुरशीनाशक लावायची) गरज संपली, असं मात्र समजू नका. प्रयोगशाळेत काढलेलं तेल वापरतात. पाल्यात ते थोडंच, आणि पाला वाळेल तसं उडून जातं. पाल्याचं मुख्य काम सावली धरायचं, गड्डे सुकू न द्यायचं. हळदीचं तेल पाण्यात ढवळून पिकावर फवारायच्या भानगडीतही पडू नका. तेल पाण्यात विरघळत नाही, थेंब साचून पानं भाजतात.

बेण्याला निरोगी जेठे गड्डे (झाडाचे मधले मुख्य कंद) निवडा. कंदकूज दिसलेल्या सरीतला एकही गड्डा नको, चांगला वाटला तरी नको. झाडाखाली किंवा हवेशीर शेडमध्ये शंकूसारखा ढीग लावा आणि वर सुकवलेला पाला पसरा. ओला पाला थेट घातला तर ढीग तापतो. करपा रोगाचे ठिपके असलेला पाला बेण्याजवळ आणूच नका. ढिगावर पाणी मारू नका. आठवड्यातून एकदा कोपरापर्यंत हात आत घालून बघा. ऊब लागली किंवा आंबूस वास आला, तर त्याच दिवशी ढीग उकरून मऊ गड्डे वेचा.

विक्रीची हळद शिजवताना फेस येऊन पांढरी वाफ आणि हळदीचा वास सुटला, की जाळ काढा. त्यापुढे शिजवाल तर रंग बिघडतो आणि वाफेबरोबर तेलही जातं. वाळवताना ताडपत्रीवर 5 ते 7 सेंटिमीटर थर ठेवा, रात्री झाका, दहिवर पडू देऊ नका. ओलावा 10 टक्क्यांखाली आल्याशिवाय पोती शिवू नका. हळकुंड मोडून बघा: खट्‌कन तुटलं तर वाळलं, वाकलं तर अजून ऊन हवं.