आर्क्टिकचा बर्फ मोजताना मी दोनदा गुणलं

ऐरोलीला आयटीत जॉब, ट्रान्स-हार्बरच्या गर्दीतून ठाण्याला घरी पोचायला साडेनऊ, जेवण झालं की लॅपटॉप, असं सहा महिने करून मी आर्क्टिकच्या समुद्री बर्फाचं व्हॉल्यूम काढायला शिकलो. पंधरा टक्के बर्फ असला की अख्खा सेल (नकाशाच्या जाळीतला एक चौकोन) एक्स्टेंटमध्ये, म्हणजे बर्फाच्या विस्तारात, धरतात वगैरे तुम्हाला माहीत असेलच, ते सोडून देतो.

मी कुठे आपटलो ते सांगतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पायोमास मॉडेलचा 1979 पासूनचा डेटा फुकट मिळतो, त्यात बर्फाची जाडी म्हणून जे असतं ती असते इफेक्टिव्ह थिकनेस, म्हणजे सेलमधला सगळा बर्फ अख्ख्या सेलवर सारखा पसरला तर किती जाड होईल ती. समजा 100 चौरस किमीचा सेल आहे, अर्ध्यात 2 मीटरचा बर्फ, अर्धं पाणी. फाईलमध्ये दिसणार 1 मीटर. गुणिले क्षेत्रफळ, झालं 0.1 घन किमी, विषय संपला. मी काय केलं, नेटवरून उचललेल्या स्क्रिप्टमध्ये कॉन्सन्ट्रेशननेही (सेलचा किती भाग बर्फाने झाकलाय, इथे अर्धा) गुणलेलं होतं ते तसंच ठेवलं, म्हणजे उत्तर 0.05, सरळ अर्धं! मार्चमध्ये बर्फ घट्ट असतो म्हणून चूक जेमतेम दिसते, सप्टेंबरला मात्र बर्फ विरळ, त्यामुळे माझा उन्हाळी आकडा धाडकन खाली, आणि मी खुश की बघा काय सापडलं. गाईडने ग्राफ बघून "छान" म्हटलं. असले छान म्हणणारे गाईड काही कामाचे नसतात हो, त्यापेक्षा युनिट काय म्हणून खेकसणारा बरा. शेवटी ऑफिसमधल्या एका ताईने विचारलं, "अरे, सप्टेंबर 2012 चा त्यांचा आकडा तरी जुळतोय का तुझा?" पायोमासवाल्यांचा नीचांक साधारण 3,700 घन किमी, माझा कुठल्या कुठे खाली. दोन महिने पाण्यात.

आता गंमत अशी की क्रायोसॅट-2 या उपग्रहाच्या डेटात उलटं. तिथे जाडी फक्त बर्फाची असते, त्यामुळे तिथे कॉन्सन्ट्रेशनने गुणायलाच लागतं. म्हणून डेटासोबतची रीडमी फाईल आधी वाचा, कंटाळा आला तरी वाचा, तयार स्क्रिप्ट मागत फिरू नका.

बाकी घाबरू नका, मी बीएस्सीला गणितात एटीकेटी घेतलेला माणूस आहे, मला जमलं. फक्त पायोमास हे मॉडेल आहे, थेट मोजमाप नाही, हे विसरलात तर कोणीही तोंडघशी पाडेल. आणि क्रायोसॅट पाण्यावर दिसणाऱ्या बर्फाची उंची मोजतो, त्यावरून जाडी काढतात, आणि साधारण नऊ-दशांश बर्फ पाण्याखाली असतो, त्यामुळे वर एक सेंटीमीटर चुकलं की जाडीत दहाएक चुकतात.

सध्या मी स्नोमध्ये, म्हणजे समुद्री बर्फावर पडणाऱ्या भुसभुशीत हिमात, अडकलोय; त्याच्या वजनाने बर्फ खाली दबतो, म्हणून जाडी काढताना तो किती आहे हे धरावं लागतं. स्नोच्या जाडीची जुनी सरासरी 1954 ते 1991 च्या सोव्हिएत तरंगत्या तळांवरच्या मोजण्यांची, आणि नव्या, म्हणजे त्याच हिवाळ्यात गोठलेल्या, बर्फावर ती बरेचजण अर्धीच धरतात. का अर्धी हे डोक्यात शिरायला तीन रविवार गेले: नवा बर्फ उशिरा जमतो, तोवर पडलेला स्नो समुद्रातच जातो.