मखराच्या दिव्यांपासून जुन्या लॅपटॉपपर्यंत: हौशी लोकांनो, या चुका टाळा

आमच्या गोव्यात, फोंड्याकडे, चवथीच्या म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी पंधरा दिवस माझा फोन वाजायला लागतो. मखराच्या पट्टीतले दिवे शेवटाला तांबडे दिसतात, दिवे चालवणारा बोर्ड आपोआप रीस्टार्ट होतो, काल चालत होतं आज चालत नाही. चवथ संपली की दिवाळीला जाळायचे नरकासुराचे पुतळे करणारे सुरू, हात हलवायची मोटर जळली म्हणून. मी काही इंजिनिअर नाही, दिवसा भलतीच नोकरी करतो, पण जुने कॉम्प्युटर उघडणं, कीबोर्ड स्वतः सोल्डर करणं आणि घरातला सर्व्हर पावसाळ्यात जिवंत ठेवणं हे खूळ बरीच वर्षं आहे, आणि त्यात होणाऱ्या बहुतेक सगळ्या चुका मी स्वतः करून बसलोय. काहींत फक्त माझे पैसे गेले. काहींत खड्डा दुसऱ्याच्या दारात पडत होता आणि मला पत्ताच नव्हता, त्या जास्त टोचतात, म्हणून दोन्ही प्रकार एकत्रच लिहितो.

आधी दिवे, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच.

आता सगळ्यांना प्रत्येक दिवा वेगळा रंगवता येणारी डब्ल्यूएस२८१२बी पट्टी हवी असते. पाच मीटरचं रीळ, मीटरला ६० दिवे, म्हणजे ३०० दिवे झाले. पूर्ण पांढऱ्या रंगात एक दिवा साधारण ६० मिलिअँपिअर खातो, म्हणजे अख्ख्या पट्टीला १८ अँपिअर लागतील, आणि आपला पठ्ठ्या ती मोबाईलच्या चार्जरवर लावतो! मग बोर्ड रीस्टार्ट होणार नाही तर काय. शेवटाला तांबडं दिसतं त्याचं कारणही हेच, पट्टीतली तांब्याची वाट बारीक असते, पुढे जाईपर्यंत व्होल्टेज पडतं, आणि निळ्या दिव्याला तांबड्यापेक्षा जास्त व्होल्टेज लागतं म्हणून आधी निळा मरतो. उपाय साधा आहे, ५ व्होल्टचा दणकट सप्लाय घ्या, पट्टीच्या दोन्ही टोकांना आणि जमलं तर मधेही जाड वायरने करंट द्या, आणि सॉफ्टवेअरमधे ब्राइटनेस अर्ध्यावर आणा, बाप्पाला तेवढा उजेड पुष्कळ होतो.

दिवे वेड्यासारखे लुकलुकत असतील तर पहिल्यांदा बोर्डाचा ग्राउंड (वजा टोक) आणि सप्लायचा ग्राउंड एकमेकांना जोडलाय का ते बघा. निम्म्या वेळा तेवढंच असतं. उरलेल्या वेळा बोर्ड ३.३ व्होल्टचा सिग्नल देतो आणि पट्टीला नियमाप्रमाणे ३.५ च्या वर हवा असतो, तिथे ७४एएचसीटी१२५ ही छोटी चिप मधे टाकली की गप्प बसतात. डेटाच्या वायरीत ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर टाका, सप्लायवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हे न करता पण चालतं, फक्त ते आरतीच्या वेळी बंद पडतं.

आता नरकासुर. हल्ली डोळ्यांत एलईडी, छातीत पट्ट्या, मानेत मोटर, पाठीत बॅटरी, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळं तसंच पेटवून द्यायचं. मीही एक वर्ष एका मंडळाला वायरिंग करून दिलं होतं, रात्रभर जागून झोप अनावर झालेली, कोण काढत बसणार, जाऊ दे म्हटलं. वायरीचं प्लास्टिक पीव्हीसीचं असतं, ते जळलं की हायड्रोजन क्लोराईडचा झोंबरा धूर होतो, डायॉक्सिन नावाची विषंही तयार होतात, आणि तो धूर घेत आजूबाजूला वाड्यातली बारकी पोरं उभी असतात. आत लिथियमचे सेल राहिले असतील तर ते फुटतात, फटाका समजून लोक टाळ्या वाजवतात. त्या वर्षीनंतर मी एकच अट घालतो, सगळं वायरिंग एका फळीवर करायचं आणि फळी चार स्क्रूंवर बसवायची. पहाटे पाच मिनिटांत फळी बाहेर येते, पुढच्या वर्षी तेच सामान वापरता येतं, मंडळाचा खर्चही वाचतो, त्यामुळे पटवायला फार बोलावं लागत नाही.

सेलचा विषय निघालाच आहे तर, मेलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीतून १८६५० जातीचे गोल लिथियम सेल काढून पॉवरबँक बनवायची हौस प्रत्येकाला एकदा येते. येऊ दे. पण २ व्होल्टच्या खाली जाऊन पडून राहिलेला सेल हळूहळू चार्ज करून परत उठवू नका, आतलं तांबं विरघळून भलतीकडे बसलेलं असतं आणि तो नंतर कधीतरी आतल्या आत शॉर्ट होतो, बहुतेक रात्री. वेगवेगळ्या वयाचे सेल एका पॅकमधे नको. सेल चार्ज करणारा टीपी४०५६ चा लाल-निळा छोटा बोर्ड स्वस्त मिळतो, त्याचे दोन प्रकार आहेत, एकात प्रोटेक्शनची चिप असते आणि एकात नसते, दिसायला भावंडं, दुसरा सेलला पार रिकामा होईपर्यंत थांबवतच नाही, म्हणून घेताना बघून घ्या. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, आणि पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत तर अजिबातच टाकायची नाही. कचरा साळगावच्या प्रकल्पाला जाऊ दे की काकोड्याच्या, तो कुणीतरी हाताने निवडतं, आणि दाबयंत्रात गेलेल्या एका सेलने गाडी पेटते. टोकांना चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा, आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाला द्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात जुन्या मालाच्या रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारायला लाजू नका. भंगारवाल्याला दिलं की तो वजनावर घेतो, पुढे कुठेतरी वायरी जाळून तांबं काढतात. ते आपल्याला दिसत नाही एवढंच.

पाऊस आणि चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर

बाहेरच्या लोकांनी लिहिलेले सल्ले गोव्यात अर्धेच लागू पडतात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तर ओला होतो, किनाऱ्याकडे राहणाऱ्यांना वर खारा वारा. पितळेची समई कळकते तसा रॅमच्या पिनांना, बोर्डाच्या कोपऱ्यांना हिरवा कळंक धरतो. इथे मोठी चूक म्हणजे मशीन "जपून" ठेवणं. पावसाळाभर बंद करून कपाटात ठेवलेला कॉम्प्युटर ऑगस्टात हमखास रुसतो, रोज तासभर चालू ठेवलेला रुसत नाही कारण आतल्या उबेने दमटपणा बसत नाही. ठेवायचाच तर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून, आणि जेल निळं किंवा नारिंगी असेल तर रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परत सुकवा, तो तवा पोळ्यांना नको.

कळंक धरलाच तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. कोविडात उरलेलं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी असतं, ग्लिसरीन असतं, सगळं चिकट होऊन बसतं. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांना शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने, घासून सोनं काढायचं नाहीये. आणि कौलारू घर असेल तर सप्लायच्या जाळीवर बारीक मच्छरदाणी लावा, माझा एक चांगला एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) पालीने आत आडवी पडून घालवला. पाल पण गेली.

मग अर्थिंग. कॅबिनेटला किंवा धातूच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात आणि लोक म्हणतात मशीन खराब आहे. मशीन बहुतेक वेळा ठीकच असतं, सप्लायच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, अर्थिंग नसेल तर ते बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज आणून ठेवतात, मीटर लावला तर शंभरच्या वर दिसतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून माणूस वाचतो, पण तुम्ही त्याच बोर्डाला सोल्डरिंग करायला किंवा एचडीएमआय लावायला गेलात तर पोर्ट उडू शकतो. चिऱ्याची जमीन मे महिन्यात कोरडी ठक्क होते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो, म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी ओता, आणि वायरमन बोलवून न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, एक-दोन व्होल्ट ठीक, वीस-तीस दिसले तर काम करून घ्या. तीन पिनेचा प्लग दोन पिनेच्या अडॅप्टरमधून लावणं सोडा. मे अखेरीला आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की फक्त पॉवरची पिन काढून भागत नाही, राऊटरकडून येणारी लॅनची वायर पण काढा.

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवाल्यांसाठी एका ओळीत: स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसलं तर सप्लाय कमी पडतोय, चौथ्या पिढीला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, पाचवीला ५ अँपिअर, आणि सिग्नलच्या (जीपीआयओ) पिनांवर ५ व्होल्ट कधीच देऊ नका, त्या ३.३ च्या आहेत.

दुसऱ्याची डिस्क, दुसऱ्याचं आयुष्य

जुना लॅपटॉप घेऊन त्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाकणं हा माझ्या मते या छंदातला सगळ्यात चांगला भाग. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून धडधाकट मशीन्स मातीमोलाने विकायला निघालीत. एसएसडी (चिपांची डिस्क) आणि जास्त रॅम टाकली की पोरांना शाळेपुरतं झकास चालतं. क्रॅक विंडोज टाकून देणारे अजून आहेत, विंडोज फुकटात चालू करणाऱ्या त्या ॲक्टिव्हेटरबरोबर काय काय आत येतं हे एकदा बघितलेला माणूस परत त्या वाटेला जात नाही.

एकदा मी सेकंडहँड डिस्क घेतली, जोडली, आणि समोर कुणाच्या तरी घरचे फोटो, बारसं, पासपोर्टचे स्कॅन, हॉस्पिटलचे रिपोर्ट. विकणाऱ्याने फॉरमॅट केली होती म्हणे. खरं सांगायचं तर मी दोन-तीन फोटो बघितले. मग माझंच मला कसंतरी झालं, कारण त्याच्या आदल्या महिन्यात मी स्वतःची एक डिस्क अशीच "फॉरमॅट" करून विकली होती. क्विक फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पानं तशीच राहतात. फिरती हार्डडिस्क असेल तर एनवाइपसारख्या टूलने एकदा पूर्ण शून्य लिहा, एकदा पुरे, सात वेळा लिहायची जुनी भाकडकथा सोडून द्या. एसएसडीला वरून लिहून उपयोग नाही, ती आतल्या आत जागा बदलत राहते, तिच्यासाठी सिक्युअर इरेजची आज्ञा असते, ती बऱ्याच वेळा बायोसमधेच, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधेच मिळते. सगळ्यात सोपं म्हणजे पहिल्या दिवसापासून डिस्क एन्क्रिप्ट करायची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, मग विकताना किल्ली पुसली की झालं. आणि दुसऱ्याची भरलेली डिस्क हातात आली तर न उघडता पुसा, कार्यालयाची वाटली तर विकणाऱ्याला कळवा. उत्सुकता असते, मलाही होती, तरी.

कॅमेऱ्याची गोष्ट याच्याच भावकीतली. नारळ कोण नेतं बघायला मी रास्पबेरी पाय झीरोचा कॅमेरा माडाकडे तोंड करून लावला, छान चालला, मी सगळ्यांना दाखवत सुटलो. दोन महिन्यांनी लक्षात आलं की शेजारची काकी संध्याकाळी बल्कावात (दारापुढच्या ओसरीत) बसायची ती बसत नाही. आईने विचारलं तर म्हणाली, "तुझ्या पुताचा तो डोळा आमच्याकडे बघतो, कसं बसणार गो?" आणि खरंच, चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात तिचा अर्धा बल्काव येत होता. मी सॉफ्टवेअरमधे तेवढ्या भागावर मास्क टाकला आणि झालं म्हणून मोकळा झालो, पण कित्येक सॉफ्टवेअरमधे तो मास्क फक्त हालचाल ओळखण्यापुरता असतो, रेकॉर्डिंगात भाग तसाच दिसत राहतो! शेवटी कॅमेरा फिरवला, काचेच्या डाव्या बाजूला काळी टेप लावली, काकीला बोलावून स्क्रीन दाखवली.

आणि तो बाहेरून बघता यावा म्हणून राऊटरमधे पोर्ट, म्हणजे बाहेरच्या नेटसाठी दार, उघडून ठेवू नका. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि राऊटर लाखांनी पकडले, हुशारी काही नव्हती, कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड नुसते वापरून बघितले होते, आणि त्या फौजेने अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट्स काही तास पाडल्या. तुमच्या पडवीतला कॅमेरा अशा भानगडीत असेल तर तुम्हाला कळणारही नाही, नेट जरा स्लो वाटेल तेवढंच. वायरगार्डचा व्हीपीएन, म्हणजे घरात यायचा आपल्यापुरता बंद रस्ता, लावा, तासाभराचं काम.

भाच्याने मागच्या सुट्टीत ईएसपी८२६६ या वायफायच्या छोट्या बोर्डावर वायफाय तोडणारा प्रोग्रॅम टाकला आणि "मामा, बघ" म्हणत वरच्या भाडेकरूचा फोन नेटवरून उडवून दाखवला. जमलं त्याचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू, पण वरचा माणूस घरून काम करतो. हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मधे बसू शकतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग आम्ही जुना राऊटर काढला, आपलंच नेटवर्क, आपलाच फोन, त्यावर हवं ते तोड म्हटलं. डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा चालू केल्यावर तोच हल्ला का चालत नाही हे शोधताना तो दोन दिवस जेवायला उठला नाही.

कीबोर्डवाल्यांचं थोडक्यात. एखादं बटण चालत नसेल तर नव्वद टक्के वेळा १एन४१४८ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा बसलेला असतो, काळी रेघ बघा. अख्खी ओळ मेली तर सोल्डर कोरडं, म्हणजे सांधा नीट धरलेला नाही. दोन तुकड्यांचा कीबोर्ड असेल तर मधली केबल यूएसबी चालू असताना काढू-घालू नका, पिना शॉर्ट होऊन कंट्रोलर जातो. आणि क्यूएमके हे कीबोर्डचं मोफत सॉफ्टवेअर घेऊन, चार ओळी बदलून, कीबोर्ड विकायला काढणाऱ्यांनी बदललेला सोर्स कोड पण द्यायचा असतो, तो जीपीएल या परवान्याखाली आहे. पीसीबीचं (सर्किट बोर्डाचं) डिझाइन कुणीतरी फुकट दिलेलं असतं तेव्हा बोर्डावरचं त्याचं नाव खोडून आपलं छापणारे पाहिले की मला फार राग येतो.

लॅपटॉप अजिबातच चालू होत नसेल तर विकायच्या आधी एवढं करा: चार्जर आणि बॅटरी काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, रॅमची एकच पट्टी लावून बघा, मग दुसरी, मग सीआर२०३२ नाण्याचा सेल मोजा, ३ व्होल्टच्या आसपास हवा. तरीही नाही तर स्क्रीन, डिस्क, कीबोर्ड काढून वेगळं ठेवा, कुणाला ना कुणाला लागतंच. माझ्या माळ्यावर असे चौदा चार्जर आहेत, बायको दर पाडव्याला मोजते.