‘तुरळक ठिकाणी मध्यम पाऊस’: खरीप पेरणीआधी अंदाज नीट वाचा

वळवाचे दोन सडाके झाले की तिफणी (पेरणीची अवजारं) बाहेर निघतात आणि दुबार पेरणीची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच होते. वरची दोन-तीन बोटं माती भिजलेली असते, तेवढ्यावर बी फुगतं, अंकुर निघतो. खाली कोरडं. मग पाऊस आठ-दहा दिवस लांबला की मुळाला ओल सापडत नाही आणि उगवलेलं पीक जागेवर करपतं. म्हणून कोरडवाहू सोयाबीन, कपाशी, तुरीसाठी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हा पाऊस थोड्या दिवसांत जमलेला हवा. पंधरा-वीस दिवसांत शिंतोड्यांनी भरलेला आकडा कामाचा नाही, कारण मधल्या ऊन-वाऱ्यात बरीच ओल उडून गेलेली असते.

‘मान्सून दाखल’ ही बातमी पेरणीचा इशारा नव्हे. ती मोठ्या प्रदेशावरचे वारे, ढग आणि पाऊस पाहून जाहीर होते, तुमच्या शिवारावर किती पडला हे तिच्यात नसतं. हंगामाचा ‘सरासरीच्या इतके टक्के’ हा अंदाजही चार महिन्यांच्या एकूण पावसाचा असतो. त्यावरून पेरणीची तारीख ठरवता येत नाही.

पेरणीसाठी कामाचा तो हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज. ग्रामीण कृषी मौसम सेवेचं पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं, ‘मेघदूत’ अ‍ॅपवरही पाहता येतं. त्यातल्या शब्दांना ठरलेले अर्थ आहेत आणि घोटाळा तिथेच होतो. ‘तुरळक ठिकाणी’ हे पावसाचं प्रमाण नाही, विस्तार आहे. त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर पाऊस, म्हणजे चारातल्या तीन ठिकाणी काहीच न पडण्याची शक्यता. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ ५१ ते ७५, त्यापुढे ‘सर्वदूर’. प्रमाण वेगळं: २४ तासांत १५.५ मिमीपर्यंत हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार. ‘मध्यम’ किती ऐसपैस आहे पाहा. १६ मिमीही मध्यम, ६४ मिमीही मध्यम. १६ मिमीवर पेरणी कोसों दूर, ६४ मिमीवर जवळपास तयार. म्हणून शेवटचा निर्णय स्वतःच्या मापावरच घ्यावा लागतो.

माप घरीच करता येतं. आतून १६ सेंमी व्यासाचं नरसाळं घ्या, खाली अरुंद तोंडाची बाटली ठेवा. जमलेलं पाणी मिलिलिटरच्या मापात ओता: २० मिली म्हणजे १ मिमी पाऊस. ३०० मिली निघालं तर १५ मिमी. नरसाळ्याचं तोंड सपाट आणि जमिनीपासून साधारण ३० सेंमी वर ठेवा, फार खाली असेल तर चिखलाचे शिंतोडे आत येतात. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर उघड्यावर बसवा. सकाळी साडेआठला मोजा, कारण सरकारी आकडाही साडेआठ ते साडेआठचाच असतो, तुलना बरोबर होते. बादलीत पट्टी बुडवून मोजू नका. वर रुंद, खाली निमुळत्या बादलीत पाणी उंच चढतं आणि पाऊस आहे त्यापेक्षा जास्त दिसतो.

आकडा भरला तरी दोन-तीन जागी फावड्याने वीतभर खणा. तळाच्या मातीचा मुठीत गोळा व्हायला हवा. गोळा दाबल्यावर हाताला चिखल लागत असेल तर वाफसा (जादा पाणी मुरून माती पेरणीजोगी होणं) नाही, थांबा. अशा काळ्या रानात पाभर (पेरणीचं अवजार) चालवली तर तासं (बी पडतं त्या रेघा) चिकटून बंद होतात आणि बी हवेअभावी कुजतं. सोयाबीन ३ ते ५ सेंमीपेक्षा खोल टाकू नका.

वाफसा आहे पण दोन दिवसांत ‘जोरदार’चा इशारा आहे? भारी जमिनीत पेरणी पुढे ढकला, वर पपडी धरली की सोयाबीनचा कोंब मान मोडतो. उलट पाच दिवस उघडीप दिसत असेल आणि वीतभर ओल पक्की असेल, तर भारी जमिनीत पेरायला हरकत नाही. हलक्या, मुरमाड जमिनीत मात्र हवामान खात्याचा गुरुवारी निघणारा पुढच्या आठवड्यांचा अंदाजही बघा. तो ‘सरासरीपेक्षा कमी’ म्हणत असेल तर बियाणं घरात राहू द्या. पेरताना चार ओळींनंतर एक सरी सोडा. पावसात खंड पडला तर पाणी मुरलेलं असतं, अतिवृष्टीत निचरा होतो.

उगवणीपूर्वीचं तणनाशक पेरणीपासून ४८ तासांत, ओलीवर मारायचं असतं. लगेच मोठा पाऊस आला तर उतारावर ते वाहून जातं, हलक्या जमिनीत बियाजवळ उतरून उगवण बिघडवतं. म्हणजे पेरणीचा दिवस निवडतानाच पुढचे दोन दिवसही बघून ठेवावे लागतात. कपाशीला युरिया द्यायचा तोही पाऊस उघडून वाफसा आल्यावर. मोठ्या पावसाच्या आदल्या दिवशी टाकला तर त्यातला नत्र (नायट्रोजन) पाण्याबरोबर जातो, मातीआड न करता वरच पसरला तर काही हवेत उडतो.