जादूवाली रीजन्सी प्रेमकथा वाचायची कशी

मी डोंबिवली ते सीएसएमटी उभ्यानं वाचते, त्यामुळे या सूचना उभ्यानं वाचणाऱ्यांसाठी. पेन्सिल केसांत खोचून ठेवा, लागणार आहे.

काळ इंग्लंडमधल्या रीजन्सीचा, 1811 ते 1820. राजा तिसरा जॉर्ज आजारी, कारभार युवराजाकडे. सुरुवातीची पानं नुसती नावं, किताब आणि आमंत्रणं. ती गाळू नका. मी एकदा गाळली आणि पुढे कोण कुणाचा मामेभाऊ, काही पत्ताच लागेना. ‘लंडन सीझन’ म्हणजे महिनोन् महिने चाललेला बघण्याचा कार्यक्रम, असं धरून चाला. त्यातलं सगळ्यात कडक ठिकाण ऑलमॅक्स. नाच बुधवारी, पास द्यायचा की नाही हे बड्या घरच्या बायका ठरवणार, आणि खायला काय, तर पातळ ब्रेड-बटर अन् लेमोनेड. आपल्याकडे एवढ्यावर वरपक्ष उठून गेला असता. मध्येच ड्यूक ऑफ वेलिंग्टन डोकावला तर तो ओळखीचाच आहे, 1803 साली असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली.

जादूकडे वळण्याआधी पैसा बघा. तिथे लग्न झालं की बायकोची रोकड नवऱ्याची. हे पुरतं बदलायला 1882 चा कायदा यावा लागला. म्हणजे नायिकेपाशी स्वतःचं असं काय उरलं? जादू. म्हणून तर काका, पालक, लग्नाचे उमेदवार, सगळे तिच्यावर टपलेले असतात. मंत्र कसा चालतो यात फार अडकू नका. तो चालवायला ती कुणाची परवानगी मागते, ते बघा.

आता पेन्सिल. नायिका विनाकारण माफी मागेल किंवा ‘माझ्याच्यानं नाही होणार’ म्हणेल, तिथे समासात फुली. गेल्या पुस्तकात पहिल्या तीन प्रकरणांतच माझ्या सव्वीस फुल्या झाल्या. मग एका मेजवानीत तिच्या हातून सगळ्या मेणबत्त्या एकदम पेटतात. सगळे गप्प. ती सवयीनं माफी मागायला तोंड उघडते आणि मीठ मागते. घाटकोपरला मी इतकी मोठ्यानं हसले की शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं? नायकानं ‘तू सुंदर आहेस’ म्हटल्यावर एका रात्रीत आलेला आत्मविश्वास मी मोजत नाही.

एक अडचण राहते. इंग्रजीतल्या ‘यू’मध्ये अहो की अगं, कळत नाही. तेव्हा तो तिला ‘मिस अमुक’ सोडून नुसत्या नावानं कधी हाक मारतो, तिथे खूण ठेवा. तीही त्याला नावानं कधी हाक मारते, तिथे दुसरी. या दोन खुणांच्या मधली पानं सावकाश वाचा, खरी प्रेमकथा तिथेच असते.

पुस्तक लायब्ररीचं असेल तर परत करण्याआधी फुल्या खोडा. मी विसरले. सहा महिन्यांनी तेच पुस्तक पुन्हा आणलं, तर मीठ मागितल्याच्या ओळीपाशी कुणीतरी निळ्या पेननं बरोबरची खूण केली होती.